मार्गशीर्षातली वाळू

आमच्या गाडीत उजव्या सीटपुढं एक ब्रेक आहे. तो फक्त माझ्या नवऱ्याला दिसतो. मी स्टिअरिंगवर बसले आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, की याचा उजवा पाय खालच्या मॅटवर असा काही दाबला जातो की गाडी नक्की कुणामुळं थांबली असा प्रश्न पडावा. त्याला तरी किती दोष द्यायचा? इकडे दुबईत ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे जिथं ड्रायव्हर बसतो, तिथं इथं बायको बसते. त्या सीटवर मी वर्षानुवर्षं बसले, डुलक्या काढल्या, संत्री सोलून दिली. मग उन्हाळ्यात त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं आणि आमच्या जागा बदलल्या. तेव्हापासून तो ब्रेक आहे.

लायसन्स मला उशिरा मिळालं. किती वेळा नापास झाले ते मी सांगणार नाही. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते सगळ्यांना पाठ आहे, त्यांना विचारा. पुढं जायला मी कधीच घाबरले नाही. माझं घोडं अडायचं ते रिव्हर्सला. आरशात बघायचं, स्टिअरिंग उलटं फिरवायचं आणि गाडी भलतीकडेच निघालेली. शेजारी बसलेली परीक्षक बाई टॅबवर बोट टेकवायची आणि शांतपणे म्हणायची, "खलास. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला." ज्या दिवशी तिनं पास म्हटलं त्या दिवशी मी तिला मिठी मारायला निघाले होते, तर तिनं हात पुढं करून मला थांबवलं. आणि लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात बेसमेंटच्या खांबाला मागचं दार घासलं. रिव्हर्समध्येच. ती रेघ अजून तशीच आहे. नवरा ती आलेल्या पाहुण्यांना दाखवायचा, लोक लग्नाचा अल्बम दाखवतात तशी.

ऑपरेशननंतर त्यानं ठरवून टाकलं, गाडी विकायची. शारजाचं एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं. ते सोमवारी गाडी बघायला येणार होतं. मी म्हटलं, "विकायची कशाला? चालवणारी घरात आहे की."

"तू?" तो म्हणाला. "तू भाजी आणण्यापुरती."

हे तो चिडवायला म्हणाला असता तर मी दोन ऐकवून मोकळी झाले असते. तो अगदी सहज म्हणाला, वर्तमानपत्रातलं हवामान वाचून दाखवावं तसं. त्याचाच मला संताप आला. रात्रीच्या जेवणात मी पोळ्या वाढत होते, आणि मनात ते "भाजी आणण्यापुरती" सारखं घोळत होतं.

मी देऱ्याला एका शिपिंग ऑफिसात कागदपत्रांचं काम बघते. खोर फक्कान हे नाव मी दिवसातून इतक्यांदा टाइप करते की माझ्या बोटांना ते माझ्या नावापेक्षा चांगलं येतं. डोंगरापलीकडचं, पूर्व किनाऱ्यावरचं कंटेनरचं बंदर. कुठला कंटेनर तिथं उतरला, कुठला अडकून पडला, सगळं मला माहीत. गाव मात्र कधी पाहिलेलं नाही. "जाऊ की कधीतरी," हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.

मी पोळीचं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "सोमवारच्या आधी मी ही गाडी खोर फक्कानला नेणार. सुट्ट्या जोडून आल्यात. वाटेत माळावर तंबू टाकून एक रात्र राहायचं, दुसऱ्या दिवशी समुद्र. जाताना मी, येताना मी."

नवऱ्यानं वरणभात कालवणं थांबवलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण धाकट्याला बरोबर घ्यायचं. जिथं तुला जमणार नाही तिथं किल्ली त्याच्या हातात. आणि एकदा का किल्ली दिलीस, की सोमवारी गाडी विकायची. मग एक अक्षर बोलायचं नाही."

"आणि नाही दिली तर?"

"तर बघू."

"बघू नाही. तर गाडी माझी. मी ठरवीन काय करायचं."

आमची मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "से डील, डॅड." त्याला डील म्हणावं लागलं. आता मागं हटणं नव्हतं.

धाकटा म्हणजे माझा दीर. अबू धाबीला अल रीम आयलंडवर कितव्यातरी मजल्यावर राहतो, बँकेत आहे, आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यानं व्हिडिओत पाहिलेली असते. वाळूत गाडी कशी चालवायची हेही त्यानं पाहिलं होतं. स्वतःची गाडी मात्र आजवर डांबर सोडून खाली उतरवलेली नाही. आपल्याकडे अशा माणसाला उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणतात, आणि इथं तर उंटही मुबलक. मी मात्र त्या दोन-चार दिवसांत गाडीचं मॅन्युअल पोथीसारखं वाचून काढलं. टायरची हवा मोजायचं गेज आणलं, लो गिअर म्हणजे काय ते समजून घेतलं. नवरा म्हणाला, "पारायण झालं की प्रसाद दे."

सासूबाई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. त्या आटपाडीकडच्या. सासरे शेळ्या सोडून हलायला तयार नव्हते, म्हणून एकट्याच आल्या. त्यांच्यासमोर मी नवऱ्याला अहो म्हणते. त्या नसल्या की अरे. एरवी त्यांचं काही मागणं नसतं, पण महिना मार्गशीर्ष होता आणि आम्ही निघणार तो गुरुवार. गुरुवारचं लक्ष्मीचं व्रत त्यांनी उभ्या जन्मात चुकवलेलं नाही. दिवसभर उपास, संध्याकाळी दिवेलागणीला घट मांडून पूजा, पुरणपोळीचा नैवेद्य, मग जेवण.

"आई, आपण रानात असणार," नवरा म्हणाला.

"मग? रानात लक्ष्मी यायची न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या, आणि कलश पिशवीत घातला.

बाहेरचं खायचं नाही हा आमच्या घरचा नियम. त्यामुळं गाडीत तंबू दोनच, पण डबे बघत राहावे इतके. पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भात लावायला कुकर, गॅसची शेगडी, सिलिंडर, तांदळाची पिशवी, पाण्याचे मोठे कॅन, नारळ, पूजेचा पाट. टपावर आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या पंगतीच्या चटया, त्या लांबलचक प्लास्टिकच्या, गुंडाळून बांधलेल्या. मुलगी म्हणाली, "मॉम, इट्स वन नाइट." मी तिला सांगितलं, भूक काही रात्री मोजून लागत नाही. गाडीचा मागचा भाग चांगलाच खाली बसला होता. तो मी बघितला होता. पण सासूबाईंच्या नैवेद्याला नाही कोण म्हणणार?

शारजा मागं पडेपर्यंतचा रस्ता काही बोलण्यासारखा नाही. ट्रक डावीकडून, ट्रक उजवीकडून, मागून दीर, "वहिनी, लेन बदला, वहिनी, आता नको." शेजारचा ब्रेक सारखा दाबला जात होता. पेट्रोल पंपावर थांबलो तर दिरानं कॉफी आणली. सासूबाईंनी किंमत विचारली, पंचवीस दिऱ्हाम म्हटल्यावर मनातल्या मनात हिशोब केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "सहाशे रुपये? ह्यात गाय बी देत्यात का?" आणि थर्मासातला आपला चहा काढला.

मग इमारती संपल्या, रस्ता सरळ झाला, आणि दोन्ही बाजूंना माळ लागला.

मला वाटायचं या देशात शहर संपलं की लगेच लाल वाळूच्या टेकड्या. त्या आहेतच. पण त्या टेकड्या आणि डोंगर यांच्यामध्ये हा सपाट, मुरमाड, नजर पोचेल तिथवर पसरलेला माळ आहे. कुठंतरी एखादं घाफचं झाड, खाली उंट उभे. नुकताच थोडा पाऊस शिंपडून गेलेला, त्यामुळं जमिनीवर हिरवट झाक. पलीकडे करड्या डोंगरांची रांग. वारा गाडीला बाजूनं ढकलत होता आणि मला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागत होतं, आणि खरं सांगते, मला गावं वाटत होतं. सासूबाईंनी काच खाली केली. इतके दिवस दुबईत त्या बाल्कनीतसुद्धा बिचकत उभ्या राहायच्या. आता म्हणाल्या, "आगं, ह्यो तर आपल्याकडचाच माळ हाय की. नुसती बाभळ तेवढी बदलली." त्या दिवसभरात पहिल्यांदा पाय पसरून बसल्या.

चारच्या सुमारास आम्ही डांबर सोडून माळावर उतरलो. जागा छान होती. कडक जमीन, एका मोठ्या झाडाची सावली. थोड्या अंतरावर आणखी एका कुटुंबाची गाडी आणि तंबू. मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि म्हटलं, "उतरा."

कुणी उतरेना. वारा त्या तंबूकडून येत होता, आणि तिथल्या शेगडीवर मटण भाजलं जात होतं. धूर थेट आमच्या खिडकीत.

"अरे देवा," नवरा म्हणाला. "आज गुरुवार. मार्गशीर्षातला. आईचा घट इथं कसा मांडणार? पुढं घे."

"अहो, पुढं जमीन बदलतेय. रंग बघा. मऊ दिसते."

"फोर-व्हील आहे, वहिनी," दीर म्हणाला. "काही होत नाही. घ्या."

"मग आधी टायरची हवा कमी करू. मॅन्युअलमध्ये—"

"एवढ्याशासाठी? यल्ला, चला, वहिनी. शंभर मीटरचा प्रश्न."

सासूबाईंनी फक्त पदर नाकाला लावला. तो पदर बघितला आणि मी गाडी पुढं घेतली. या देशात लोक वाळूत फसतात ते थरारासाठी, फोटोसाठी. मटणाचा वास चुकवायला फसलेले आम्हीच.

थोडं पुढं गेलो तरी वास. "अजून जरा." अजून जरा गेलो. मग वास थांबला, आणि गाडीही थांबली. इंजिन ओरडत होतं, चाकं फिरत होती, आणि आम्ही हळूहळू खाली जात होतो. मागची बाजू तर बसलीच. मी पाय उचलला आणि इंजिन बंद केलं.

मग मागच्या सीटवरून हात पुढं आला. "वहिनी, किल्ली द्या. मी काढतो."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो समोर बघत होता. हळूच म्हणाला, "अट आठवते ना?"

मला पुढचं सगळं दिसलं. सोमवार, शारजाचं ते गिऱ्हाईक, आणि परत त्या उजव्या सीटवर नाहीतर मेट्रोत, पिशव्या मांडीवर घेऊन. पण त्याच्या पाठोपाठ डोकंच तापलं. पुढं घे म्हणणारे कोण, काही होत नाही म्हणणारे कोण, आणि किल्ली मी द्यायची? मी किल्ली काढली, ओढणीच्या टोकात घालून घट्ट गाठ मारली आणि ती गाठ कमरेला खोचली.

"जमणार नाही असं मी अजून म्हटलेलं नाही," मी म्हटलं. "अट तीच होती. आता सगळे खाली उतरा. डबे काढा."

"डबे?" नवरा म्हणाला.

"सगळं सामान. गाडी जड आहे. पहिल्यांदा ती हलकी करायची."

मुलगी एकटीच काही न विचारता कामाला लागली. तिनं टपावरच्या चटया सोडवल्या, दिरानं कॅन उतरवले. नवऱ्याला वजन उचलायची बंदी, तो नारळ घेऊन उभा. मी प्रत्येक चाकापाशी बसून हवा सोडली. गेज लावायचं, थोडी सोडायची, परत लावायचं. टायर खाली पसरट होत गेले, पसरट टायर वाळूत कमी रुततो. दिरानं कुकरच्या झाकणानं वाळू उपसली, म्हणजे त्या झाकणाला वाळू चिकटली आणि ती त्यानं झटकली. चाकांपुढं चटया टाकल्या.

आता दीर म्हणाला, "पुढं उतार आहे, पुढंच काढा. रेस द्या, भरपूर रेस." मी गाठ सोडून किल्ली लावली आणि बसले. तो ओरडत होता, "रेस, रेस," आणि मी, बाई माझे, त्याच्या ओरडण्याच्या तालावर पाय दाबत गेले. चटई चाकाखालून सुटली आणि सरळ मागं जाऊन त्याच्याच अंगावर पडली. गाडी आणखी चार बोटं खाली गेली.

मी किल्ली परत ओढणीत बांधून खाली उतरले. सूर्य टेकला होता. नवरा म्हणाला, "पुरे आता. त्याला बघू दे." मायेनं म्हणाला, तेच जास्त वाईट. दिरानं तोंडातली वाळू थुंकून परत हात पुढं केला.

"थांबा रं सगळी," सासूबाई म्हणाल्या. त्या मघापासून उतरवलेल्या सामानापाशी बसून होत्या. "दिवे लागायची येळ झाली. आधी लक्ष्मी, मग गाडी. उपाशीपोटी कुणाला धड सुचतंय का?"

त्यांनी तिथंच वाळूवर पाट ठेवला, कलशात पाणी घातलं, पिशवीतली पानं लावली, नारळ ठेवला. वाऱ्यात निरांजन राहीना, म्हणून मी आणि मुलीनं ओढणी आडवी धरली. आरती झाली. फसलेल्या गाडीसमोर, त्या एवढ्या मोठ्या माळावर, आमचा आवाज अगदी लहान वाटत होता. नैवेद्य दाखवला. मग सासूबाई म्हणाल्या, "बसा." चाकापुढच्या चटयांतली एक झटकली आणि आम्ही पंगतीला बसलो. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी. आणि मला एकदम भूक लागल्याचं कळलं. मी खात गेले तसं डोकं थंड होत गेलं. मी फसलेल्या चाकांकडे बघितलं, आणि मग चाकांच्या मागं. आम्ही आलो होतो त्या खुणा सरळ कडक जमिनीपर्यंत गेल्या होत्या. तिथली वाळू आमच्याच वजनानं दाबली गेली होती. पुढं काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मागचा रस्ता आम्ही स्वतः करून आलो होतो.

मागं जायचं. रिव्हर्स. नेमकं तेच.

तेवढ्यात त्या मटणवाल्या तंबूकडून एक बाई चालत आल्या. डोक्यावर रुमाल, हातात फावडं. मी हिंदीत सुरुवात करणार तोच त्या म्हणाल्या, "मराठी ना? आरती ऐकली म्हणून आले. आम्ही श्रीवर्धनचे." फावडं माझ्यापुढं धरलं. "झाडाखाली चांगली जागा होती, तिथनं उठून इकडे का आलात हो?"

त्यांनी पाटाकडे, घटाकडे बघितलं. "गुरुवार," त्या म्हणाल्या. "आणि आमचे हे तिकडे मटण जाळत बसलेत." आणि अशा हसल्या की सासूबाईंनाही हसू आवरेना. त्यांनी बाईंना बसायला लावलं आणि हातावर पुरणपोळी ठेवली. "ही शुद्ध तुपातली हाय. आता तुमचं खाणं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी. वास काय, वाऱ्याचा असतोय."

नवऱ्यानं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आई, मग मघाशी पदर का लावलास नाकाला?"

"धूर जात हुता डोळ्यात," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठं म्हटलं पुढं चला?"

मी उठले. फावड्यानं चारी चाकांच्या मागची वाळू काढली, उतार केला, आणि चटया या वेळी मागच्या बाजूला अंथरल्या, चाकांखाली पार आत कोंबून, एकीला एक जोडून. दीर पुढून ढकलायला गेला, मुलगी त्याच्या शेजारी, त्या बाईही पदर खोचून. नवऱ्याला ढकलता येणार नव्हतं. तो मोबाइलचा टॉर्च लावून मागं गेला आणि आमच्या खुणांच्या कडेला उभा राहिला, मला आरशात दिसेल असा.

मी काच खाली करून ओरडले, "अरे, बाजूला हो. मला रिव्हर्स येत नाही, माहिती आहे ना तुला."

सासूबाईंसमोर अरे निघून गेलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"मी इथंच उभा आहे," तो म्हणाला. "मला बघ आणि ये."

ज्या माणसानं मला बेसमेंटमध्ये कधी एकटीला गाडी लावू दिली नाही, तो माझ्या उलट्या येणाऱ्या गाडीच्या वाटेजवळ उभा होता. मी ओढणीची गाठ सोडली, किल्ली लावली. लो गिअर. रिव्हर्स. दिरानं रेस म्हणायच्या आधीच मी त्याला सांगितलं, "भाऊजी, तोंड बंद, हात चालू." आणि पाय इतका हळू दाबला की मलाच कळेना दाबलाय की नाही. चाकं एकदा घसरली. मग काहीतरी पकडलं. चटई करकरली. गाडी चार बोटं वर आली, थांबली, आणि मग आली. मी स्टिअरिंग हलवलंच नाही, नुसतं धरून ठेवलं. आरशात टॉर्च मागं मागं सरकत होता, माझ्या वेगानं, आणि मी त्याच्याकडे बघत आमच्याच खुणांवरून सरळ, एका रेषेत, झाडापाशी कडक जमिनीवर पोचले.

मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. झाडाखालचा एक उंट चिडून उठून गेला. मुलगी धावत येत ओरडत होती, "मॉम, यू डिड इट." दिरानं उरलेल्या चटया गोळा केल्या, त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. मंडळाला नव्या घेऊन द्याव्या लागणार. पंगत झाली पाहिजे, कशी का होईना.

तंबू आम्ही तिथंच टाकले, श्रीवर्धनकरांच्या शेजारी. सकाळी त्यांच्या पंपानं टायरमध्ये हवा भरली. पंप चालवत बाई म्हणाल्या, "आमच्याकडे मीच चालवते. ह्यांना मटणातून सवड कुठं?" सासूबाईंनी त्यांची ओटी भरली, नारळ दिला. त्यांच्याकडचे खजूर आमच्या डब्यात आले.

निघताना दिरानं मागचं दार उघडलं, आत बसला, पट्टा लावला आणि किल्लीचं नावही काढलं नाही. डोंगर जवळ आले. रस्ता वर चढला, वळला, मग एकामागून एक बोगदे लागले. दुबईत बसून मी ज्या डोंगरांना कागदावर ओलांडायचे, ते आता खरोखरचे दोन्ही बाजूंना उभे होते, आणि मी त्यांच्या पोटातून चालले होते. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडून जरा खाली उतरलो आणि समोर समुद्र. निळा, अगदी डोळे दिपवणारा. डाव्या अंगाला बंदर, निळ्या-लाल क्रेन, खाली कंटेनरचे ढीग. यातले कितीतरी माझ्या हाताखालून गेलेले. मला सगळ्यांना सांगायचं होतं. पण मी नुसतं म्हटलं, "खोर फक्कान." सासूबाईंनी तिथल्या तिथं हात जोडले, समुद्राला की मला ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. शारजाचं गिऱ्हाईक. त्याचा आवाज गाडीत सगळ्यांना ऐकू येत होता: सोमवारी किती वाजता येऊ?

नवरा क्षणभर माझ्या हातांकडे बघत राहिला. "नहीं भाई, गाड़ी नहीं बेचनी," तो म्हणाला. मग पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नहीं, दाम की बात नहीं है. गाड़ी मिसेस की है. वही चलाती है."

फोन ठेवून त्यानं सीट मागं केली, पट्टा सैल करून घेतला आणि डोळे मिटले. मी उतारावर होते. पुढं सिग्नल पडला, एका ट्रकचे लाल दिवे लागले. मी ब्रेक दाबला. मग सवयीनं उजवीकडे बघितलं. त्याचा पाय चपलेतून निघून मॅटवर आडवा पडला होता. तोंड उघडं होतं, आणि तो झोपला होता.